दावें सोडणार कोण?

“माणसांनाच जेथें राहावयास जागा नाहीं, तेथें कुत्र्यामांजरांची काळजी कसली करतां?” हा प्रश्न आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत दर पावसाळ्यांत निदान एकदां तरी कानीं पडतो, आणि तो विचारणारे गृहस्थ बहुधा सुशिक्षित, सुस्थित व स्वतः उंचावरच्या पक्क्या घरांत राहणारे असतात. प्रश्न मोठा व्यवहारी दिसतो. त्याला उत्तर देऊं जाणारा आपोआपच मनुष्यद्वेष्टा ठरावा अशी त्याची घडण आहे. तथापि तो प्रश्नच खोटा आहे असें आमचें म्हणणें आहे, आणि तें आम्ही भूतदयेच्या भरांत म्हणत नाहीं. भूतदयेवर आपल्याकडे कीर्तनें पुष्कळ झालीं. एकनाथांनीं गंगेची कावड गाढवाच्या मुखीं रिती केली ही कथा ऐकून डोळे पुसणारा श्रोता घरीं परततांना वाटेंतल्या कुत्र्यास दगड मारतो, हाहि आपल्या नित्य परिचयांतला देखावा आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. संकट ओढवलें म्हणजे माणूस आणि त्याच्या घरांतलें जनावर यांना वेगळें काढतां येत नाहीं. जनावर मागें राहिलें कीं त्याच्यापायीं माणूसहि मागें राहतो, आणि मागें राहणारा हा माणूस बहुधा घरांतला सर्वांत दुबळा असतो. नदीचें पाणी घरांत शिरतें तेव्हां हें घडतें. आणि ज्या घरांत घरधनीच हात उगारतो तेथेंहि नेमकें हेंच घडतें.

२२ जुलै २०२१ चा दिवस चिपळूणकर विसरणार नाहींत. आदल्या रात्रीपासून कोसळणाऱ्या पावसानें वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या गांवांत आल्या. बाजारपेठेंतील घरादुकानांचे तळमजले बुडाले. माणसें माळ्यांवर व छपरांवर चढून बसलीं. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनीं पाहिला होता त्यांना तें पाणीच शेवटचें माप वाटत होतें. तें माप त्या दिवशीं मोडलें. १८६४ सालीं स्थापन झालेलें तेथील ग्रंथालय, आजचें लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर, पाण्यांत सांपडलें. ग्रंथांचा लगदा झाला, आणि त्याबद्दल साऱ्या महाराष्ट्रानें हळहळ व्यक्त केली. ती व्हावयासच हवी होती. परंतु त्याच दिवशीं गोठ्यांत बांधलेल्या गुरांचें आणि अंगणांत सांखळीला अडकविलेल्या कुत्र्यांचें काय झालें, हें ज्यांनीं मागाहून चिखल उपसला त्यांनाच विचारावें. पोहतां येत नाहीं असें चतुष्पाद विरळा. कुत्रें जन्मतःच पोहणारें; म्हैस तर पाण्यांतच सुखी. मग हीं जनावरें बुडतात कशानें? पाण्यानें नव्हे, दाव्यानें! खुंट्याशीं बांधलेल्या गाईला पाणी गळ्यापर्यंत आलें म्हणजे मान वर करतां येते ती दाव्याच्या लांबीइतकीच. जी गांठ आपण सकाळ-संध्याकाळ सहज मारतों व सोडतों, ती सोडावयास त्या घटकेला तेथें कोणी नसतें. असलें तरी तें स्वतःचा जीव घेऊन माळ्यावर गेलेलें असतें, आणि त्यांतहि त्याचा दोष नाहीं. दोष आहे तो पाणी येण्याच्या चार घटका आधीं गोठे मोकळे करण्याचें काम कोणाचें, हें कोठेंच न ठरविणाऱ्या व्यवस्थेचा.

पूर ओसरल्यावर मात्र व्यवस्था जागी होते. तलाठी येतो, पंचनामा होतो, आणि मेलेल्या जनावरांना किंमत येते. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठीं केंद्र सरकारनें जे मदतीचे दर ठरविले, त्यांत दुभत्या गाईम्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळीमेंढीला ४,००० आणि कोंबडीला १०० रुपये आहेत. ही मदत शेतकऱ्याला मिळावी, अधिक मिळावी, वेळेवर मिळावी, याविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें या यादीच्या स्वभावाकडे. जें दूध देतें, ओझें वाहतें, अंडें घालतें किंवा कापलें जातें तें या यादींत आहे. जें केवळ घरांत राहतें त्याला तेथें ओळ नाहीं. कुत्र्याबद्दल सरकारनें रुपये मोजावे असें आम्हीं सुचविलेलें नाहीं. तसली मागणी हास्यास्पद होईल. परंतु ज्या कागदावर एखाद्या जीवाला मेल्यावरहि नांव नाहीं, त्याच्यासाठीं जिवंतपणीं होडींत जागा निघेल ही आशा कशाच्या आधारावर करावयाची?

आणि होडींत जागा नसली म्हणजे काय होतें तें ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेच्या व कृष्णेच्या कांठीं दिसलें. कोल्हापुरांतील शिरोळ तालुक्यांत आणि सांगलीकडच्या गांवांत पाणी चढत असतांना कित्येकांनीं गुरें सोडून निघण्यास नकार दिला. शहरांतल्या लोकांनीं दूरदर्शनवर हें पाहिलें आणि निर्णय दिला: अडाणी, हट्टी माणसें! आमच्या मतें त्या पुरांत अर्थशास्त्राचें सर्वांत नेमकें ज्ञान कोणाला असेल तर तें या हट्टी माणसांना होतें. गोठ्यांतल्या दोन म्हशी म्हणजे त्यांची पेढी, त्यांचा विमा आणि मुलीच्या लग्नाची तरतूद. ती सोडून छावणींत दोन वेळच्या भातावर जगावयाचें, आणि मग? त्यांनीं केलेला हिशेब चुकीचा नव्हता. त्यांच्यापुढें ठेवलेले दोनच मार्ग चुकीचे होते.

कोंकणांत या हिशेबांत आणखी एक रकम मिळवावी लागते, आणि ती रुपयांत मांडतां येत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील असंख्य घरांचें स्वरूप वाचकांस सांगावयास नको. मुलगे मुंबईस, सुना-नातवंडें गणपतीला आणि शिमग्याला येणार, एरवीं मोठ्या घरांत एकटी म्हातारी. तिच्याबरोबर असतें एक कुत्रें, एक मांजर, क्वचित् एक भाकड झालेली गाय. रात्रीं पाण्याला उठली तर तिच्या हालचालीबरोबर उठणारा त्या घरांत दुसरा जीव नसतो. अशा म्हातारीला मध्यरात्रीं दार ठोठावून कोणी सांगितलें, ‘आजी, चला, कुत्रें राहूं द्या,’ आणि ती उंबरठ्यावरच बसली, तर तिला वेडी म्हणावयाचें काय? महाप्रस्थानाच्या वाटेवर कुत्र्याला टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास धर्मराजानें नकार दिला, ही कथा आपण मुलांस कौतुकानें सांगतों. तोच धर्मराज पुराच्या रात्रीं एखाद्या शाळेच्या दारीं कुत्र्यासह आला, तर तेथील स्वयंसेवक त्याला काय म्हणेल? ‘तुम्ही या, तें बाहेर बांधा.’ आणि कथेवर विश्वास ठेवावयाचा, तर धर्मराज रात्रभर पागोळ्यांखालीं भिजत उभा राहील.

वादळाची गोष्ट तर पुराहून सोपी. पूर चार-सहा तासांत येतो. वादळ आधीं निरोप धाडून येतें. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि आमच्याकडे दापोली-मंडणगडच्या बागा त्यानें झोडपून काढल्या. पुढल्याच वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ आलें. दोन्हीं वेळां हवामानखात्याची सूचना आधींच मिळालेली होती, आणि माणसें हलविलींहि गेलीं. त्या अवधींत गोठ्यांच्या खुंट्यांकडे फिरून यावयास गांवांतील चार तरुण पुरेसे होते. ज्या गांवांत पालखी नाचविण्यासाठीं शेकडों खांदे पुढें होतात तेथें चार तरुण मिळत नाहींत असें कोणीं म्हणूं नये.

न्यू ऑर्लिन्स हें अमेरिकेंतील शहर ऑगस्ट २००५ मध्यें कत्रिना वादळानें बुडालें, तेव्हां तेथेंहि हाच अनुभव आला. कुत्र्यामांजरांना घेणार नसाल तर आम्हीहि येत नाहीं, असें म्हणून लोक बुडत्या घरांत बसून राहिले. त्यावर तेथील सरकारनें बोध घेतला तो असा, कीं दुसऱ्याच वर्षीं, २००६ सालीं, कायदा करून राज्यांच्या व शहरांच्या आपत्तियोजनेंत घरांतील पाळीव प्राण्यांचा विचार असलाच पाहिजे असें ठरविलें. अमेरिकनांचें सर्वच अनुकरणीय असतें असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. पण येथें त्यांनीं दया दाखविली नसून अक्कल दाखविली आहे: माणूस बाहेर काढावयाचा तर त्याला धरून ठेवणारी गांठ आधीं सोडली पाहिजे.

योगायोग पाहा. त्याच २००५ सालीं, मुंबईचा जलप्रलय ताजा असतां, आपल्या संसदेनें आपत्ति-व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यांत आपत्तीची जी व्याख्या आहे ती मनुष्यहानि, मनुष्याचे हाल, मालमत्तेचा नाश आणि पर्यावरणाची हानि यांवर उभारलेली आहे. घरांतलें कुत्रें यांत कोठें बसवावयाचें? बसलेंच तर मालमत्तेंत, म्हणजे कपाटाशेजारीं. आणि त्याच वर्षीं संसदेनें दुसराहि एक कायदा केला: कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा. त्यांत शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक अशा चारहि प्रकारच्या छळाची व्याख्या आहे. तपशील बारकाईनें दिलेला आहे. आणि त्या तपशिलांत घरांतल्या जनावराचें नांव नाहीं. एका वर्षांत दोन कायदे, दोन्हीं उत्तम हेतूंचे, आणि दोन्हींत एकाच ठिकाणीं भोंक!

हें भोंक क्षुल्लक आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं मारझोडीच्या घरांत काय चालतें तें नीट पाहावें. तेथें हात नेहमीं बायकोवरच पडतो असें नाहीं. शहाणा अत्याचारी तिच्या अंगावर वळ उठूं देत नाहीं. तो तिच्या देखत कुत्र्याला लाथ घालतो. मुलानें पोसलेलें मांजर गोणींत घालून नदीपार सोडून येतो. तिनें करडापासून वाढविलेली शेळी तिला न विचारतां बाजारीं विकून त्याच पैशांची पिऊन येतो. शेळी आणि गांवठी कोंबड्या म्हणजे खेड्यांतल्या बाईची स्वतःची थैली. तींतून ती वही-पेन्सिल आणते, एस्टीचें भाडें देते आणि वेळ पडली तर माहेरची वाट धरते. ती थैली रिकामी केली म्हणजे माहेरची वाट बंद झाली. आणि जेथें पैशाचा प्रश्न नाहीं तेथें धमकीचा आहे. ‘जायचें तर जा, मागें ह्याचें काय करतों तें बघ!’ एवढें एक वाक्य पुरतें. बाई जाऊं शकत नाहीं, कारण मूल कडेवर घेऊन जातां येतें, कुत्र्याला घेऊन जातां येत नाहीं. भाऊ त्याला ठेवून घेणार नाहीं, आधारगृह घेणार नाहीं, आणि मूल त्याच्याशिवाय निघावयास तयार नाहीं. नदीकांठच्या म्हातारीचा उंबरठा आणि या बाईचा उंबरठा एकच आहे.

अमेरिकेंतील युटा संस्थानांत फ्रँक अॅस्किओन या मानसशास्त्रज्ञानें आधारगृहांत आलेल्या ३८ स्त्रियांची चौकशी करून १९९८ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ज्यांच्या घरीं पाळीव प्राणी होते, अशा दर दहांतील सुमारें सात जणींनीं सांगितलें कीं नवऱ्यानें त्या प्राण्यास मारण्याची धमकी दिली होती, किंवा त्यास इजा केली, किंवा ठारच मारलें होतें. संख्या लहान आहे, देश परका आहे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्यांना वाटतें कीं आपल्याकडील पुरुष या बाबतींत अधिक कोमल आहेत, त्यांनीं तशी चौकशी येथें करून दाखवावी. हें केवळ दारूच्या गुत्त्यावरून परतणाऱ्यांच्या घरांत घडतें, या समाधानांतहि कोणीं राहूं नये. पदवीधरांच्या वसाहतींतहि रात्रीं कुत्र्याचें केकाटणें ऐकूं येतें. शेजारी दूरदर्शनचा आवाज वाढवितात आणि सकाळीं जिन्यांत नमस्कार करतात. ‘घरगुती बाब,’ आपण म्हणतों. झांकली मूठ सव्वा लाखाची! त्या मुठींत कोणाचें मानगूट आहे हें उघडून पाहण्याची आपल्या सभ्यतेस इच्छा नाहीं.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्यानें जनावराला मारझोड करणें, लाथाडणें, उपाशी ठेवणें हे गुन्हे ठरविले, आणि पहिल्या गुन्ह्यास दंड ठेविला दहा ते पन्नास रुपये. १९६० सालीं पन्नास रुपये ही कांहीं तरी रक्कम होती. आज तेवढ्यांत मत्स्यालयांतला एक मासाहि येणार नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या तुटपुंज्या शिक्षेकडे संसदेचें लक्ष वेधलें; २०२२ सालीं दुरुस्तीचा मसुदाहि प्रसिद्ध झाला; तो मसुदाच राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेच्या ३२५ व्या कलमांत प्राण्यास ठार वा लुळें करणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे खरी. पण ती ‘आगळीक’ या सदराखालीं, म्हणजे कोणाचें तरी नुकसान करण्याचा गुन्हा म्हणून. घरधनी म्हणतो, ‘जनावर माझें, मारणारा मी, नुकसान कोणाचें?’ आणि या प्रश्नाशीं गांवचा फौजदार बहुधा मनांतून सहमत असतो.

म्हणून नवीन कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षां हातीं असलेला वापरावा, असें आम्हांस वाटतें. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचें अठरावें कलम न्यायदंडाधिकाऱ्यास संरक्षण आदेश काढण्याचा अधिकार देतें. त्या कलमाच्या शेवटच्या पोटकलमांत आदेशांत नमूद केलेलें ‘अन्य कोणतेंहि कृत्य’ करण्यास मनाई करण्याची मोकळीक आहे. त्या तीन शब्दांत कुत्रें मावतें, शेळी मावते, मांजराचीं पिलेंहि मावतात. ‘प्रतिवादीनें अर्जदार स्त्रीच्या शेळ्या विकूं नयेत, कुत्र्यास इजा करूं नये’ एवढी एक ओळ वकिलानें मागावी आणि न्यायाधीशानें लिहावी, इतकेंच काम आहे. त्याचें फळ मात्र मोठें आहे. कारण साध्या मारहाणीचा दंड पन्नास रुपये असला, तरी संरक्षण आदेश मोडण्यास याच कायद्यानें एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड ठेविला आहे. एकोणिसाव्या कलमाखालीं स्त्रीधनाबरोबर तिची अन्य मालमत्ताहि परत देण्याचा आदेश होऊं शकतो. तिनें वाढविलेल्या शेळ्या तींत मागतां येतात. अमेरिकेंत मेन राज्यानें २००६ सालींच संरक्षण आदेशांत प्राण्यांचा समावेश केला, आणि २०१८ सालीं मध्यवर्ती सरकारनेंहि प्राण्यांसह येणाऱ्या स्त्रियांच्या निवाऱ्यासाठीं पैशाची सोय कायद्यानें केली. आपल्याला तितक्या लांब जावयास नको. आपल्या न्यायालयांतला एक धाडसी अर्ज पुरे.

दुसरा एक विसरलेला कागद. २००१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें प्रत्येक जिल्ह्यांत सहा महिन्यांच्या आंत प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी स्थापन व्हावयाची होती, आणि तिच्याजवळ दवाखाना व प्राण्यांचा निवारा असावयाचा होता. आपापल्या जिल्ह्यांतील या सोसायटीचें दार कोणत्या रस्त्यावर आहे हें वाचकांनीं शेजारच्या दहा सुशिक्षितांस विचारून पाहावें. उत्तरें मनोरंजक येतील. मुंबईंत असली संस्था १८७४ पासून आहे, आणि परळचें पेटिट रुग्णालय १८८३ पासून. त्याच परळ-लालबागेंत कोंकणच्या तीन पिढ्यांनीं गिरण्यांत घाम गाळला. पारशी गृहस्थाच्या दानाची ती इमारत येतांजातां पाहिली. पण तिची एक वीटहि घाटाखालीं आली नाहीं.

आक्षेप येणार हें आम्ही धरून चाललों आहों. छावणींत कुत्रें चावेल, पिसाळेल, मुलांना खरूज लागेल! हे आक्षेप खोटे नाहींत. रेबीज हा थट्टेचा विषय नव्हे. आणि ज्याला आपलें कुत्रें टोंचून घेतां येत नाहीं त्यानें तें पाळूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. (रस्त्यावरील कुत्र्यांचा वाद २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गाजला, तो स्वतंत्र विषय आहे, येथें मिसळूं नये.) पण या आक्षेपांचें उत्तर भिंत आहे, बंदी नव्हे. माणसें ज्या शाळेंत ठेवावयाचीं तिच्या सायकलींच्या पडवींत दोरखंड, चार बादल्या, थोडा पेंढा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांतील एक माणूस, एवढ्यावर एका रात्रीचें भागतें. ग्रामपंचायतीला घरपट्टीसाठीं प्रत्येक घराची मोजदाद ठेवतां येते. तिच्याच वहींत कोणत्या घरीं एकटा वृद्ध व कोणतें जनावर आहे हें मे महिन्यांत लिहून ठेवावयास शाई किती लागणार? पाण्याचा इशारा मिळतांच त्या वहीप्रमाणें गोठे मोकळे करीत जावयाचें. गुरें उंचवट्याकडे आपलीं आपण जातात. त्यांना वाट ठाऊक असते.

मारझोडीच्या घरांतील प्रश्न याहून नाजूक, कारण तेथें इशारा मिळत नाहीं आणि वहींत नोंद करणारा शेजारी गप्प असतो. आधारगृहांना आज उद्यांत कुत्र्यांसाठीं खोल्या बांधतां येणार नाहींत हें आम्हांस कळतें. माणसांसाठींच त्या पुरत नाहींत. परंतु पंधरा दिवस कोणाच्या तरी परसांत एक शेळी, कोणाच्या पडवींत एक कुत्रें राहूं शकेल अशा घरांची यादी गांवोगांवच्या महिला मंडळांना करतां येईल, आणि ती संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवतां येईल. हें घर कोणतें, तें नवऱ्यास कळतां कामा नये. अधिकारी जो कौटुंबिक घटना अहवाल भरून घेतो त्यांत मारल्याचे, शिव्या दिल्याचे, पैसे हिरावल्याचे रकाने आहेत. त्यांखालीं आणखी तीन प्रश्न छापावयास शासनाला फारसा खर्च येऊं नये: घरांत जनावर आहे काय? त्यास कोणीं मारलें, विकलें किंवा हांकलून दिलें काय? तें आतां कोठें आहे?